कुत्र्याला सोबत घेऊन गोंदिया

दिवाळीच्या चार दिवसांत शहरातल्या कुत्र्यांचे हाल बघवत नाहीत. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे आपल्याला नुसता मोठा वाटणारा बॉम्ब त्याला असह्य होतो. पलंगाखाली थरथरत बसणे, अन्न सोडणे, दार उघडे दिसताच सैरावैरा पळून हरवणे, हे दरवर्षी घडते. याच दिवसांत शेजारच्या नेपाळात तिहार सणाचा दुसरा दिवस कुत्र्यांचा असतो. ‘कुकुर तिहार’ला पाळीव आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडेही दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात तर युधिष्ठिर कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात पाऊल टाकायला नकार देतो.

कुत्रा घरात असलेल्या कुटुंबांनी दिवाळीत फटाक्यांपासून लांब, डोंगर आणि पाण्याच्या जवळ निघून जावे, हे मी मनापासून सुचवते. कुठे जावे, असे विचारणाऱ्यांना मी गोंदिया जिल्हा सांगते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला टेकलेला हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख आहे. इथे जुने गड आहेत, लेण्यांसारख्या प्रचंड गुहा आहेत, तीनशे वर्षांचे तलाव आहेत. कुत्र्याला घेऊन इथे फिरताना एक गोष्ट लक्षात येते. कुत्रा कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही, हे शोधता शोधता ती जागा मुळात कोणाची आहे, हे आपल्याला कळू लागते.

डोंगरावरची गावे, पायथ्याची गावे

गोंदियाचे वेगळेपण कळायला आधी एक तुलना. कुत्र्यासह मोटारीने ऐतिहासिक डोंगरी गावे पाहण्याची हौस युरोपात जुनी आहे आणि तिचे आवडते ठिकाण म्हणजे मध्य इटली. तस्कनी, उंब्रिया आणि आसपासच्या प्रांतांत टेकडीच्या माथ्यावर वसलेली तटबंदीची गावे एकामागून एक लागतात. सान जिमिन्यानोमध्ये एके काळी ७२ मनोरे होते असे सांगतात, आज १४ उभे आहेत. चिविता दि बान्योरेज्यो हे एत्रुस्कन काळातले गाव ठिसूळ कड्यावर असल्याने कडेकडेने ढासळत चालले आहे. तिथे फक्त पायपुलावरून जाता येते. हा प्रवास कुत्र्याला सोपा जातो, कारण तिथल्या रेल्वेत, खाणावळीत आणि चौकात कुत्रा सर्रास चालतो. मात्र नियम ठरलेले आहेत: वस्तीत पट्ट्याची दोरी दीड मीटरहून लांब नसावी आणि मुसके जवळ बाळगावे.

ही गावे डोंगरावर का चढली? एक कारण लढाया, दुसरे हिवताप. खालच्या दलदलीत राहणे म्हणजे तापाने मरणे होते. तो ताप डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला आणि जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी पुढच्या वर्षी इटलीत दाखवून दिले. इटली हिवतापमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले ते थेट १९७० मध्ये. उंचावर राहण्याची किंमत मात्र पाण्याने वसूल केली. ओर्व्हिएतो या कड्यावरच्या गावात पोप सातवे क्लेमेंट यांनी सोळाव्या शतकात पन्नास मीटरांहून खोल विहीर खणवून घेतली. पाणी वाहणारी खेचरे एका जिन्याने उतरत आणि दुसऱ्याने चढत, म्हणून तिला एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत.

गोंदियात याच्या नेमके उलट घडले. इथल्या माणसांनी डोंगराचा माथा देवाला आणि संकटकाळच्या आसऱ्याला ठेवला. स्वतः ती पायथ्याशी राहिली आणि दोन टेकड्यांमधली खिंड बांध घालून बंद केली. पाणी वर चढवावे लागले नाही, कारण डोंगरावर पडलेले पाणीच गावाच्या दारात येऊन थांबले. त्यामुळे गोंदियाचा इतिहास पाहायचा तर मान वर करून तट शोधण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते तलावाच्या पाळीवर उभे राहून पाणी पाहणे.

नागरा आणि कामठा

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. रेल्वेने कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसावे लागते. पेटीतला प्रवास बहुतेक कुत्र्यांना सोसत नाही. नागपूरहून मोटारीने येणेच बरे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर कोहमारा लागते. तिथून एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियाला आणि दुसरा नवेगावबांध व अर्जुनी मोरगावकडे जातो.

गोंदिया शहराला लागून नागरा येथे जुने दगडी शिवमंदिर आहे. तिथून कामठा लांब नाही. आज साध्या दिसणाऱ्या या गावी एक मोठी जमीनदारी होती. १८१८ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इथल्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि तो मोडून काढायला इंग्रजांना फौज पाठवावी लागली. नोव्हेंबरात या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू असते आणि बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात. इथे कुत्र्याला मोकळे सोडण्याचा मोह आवरावा. कापलेल्या धानावर धावणारा कुत्रा म्हणजे शेतकऱ्याचे झडलेले दाणे.

कुत्रा मोकळा न सोडण्याचे दुसरे कारण सारस. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस पक्षी गोंदिया आणि शेजारच्या भंडाऱ्यात, वैनगंगा व बाघ नद्यांच्या काठच्या धानशेतीत आहेत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात उभ्या धानात, पाण्यामध्ये गवताचे घरटे रचतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. घरट्यापाशी पोहोचलेला कुत्रा त्या जोडीचे पूर्ण वर्ष वाया घालवू शकतो. शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचे धान शेवटपर्यंत न कापता राखावे यासाठी इथल्या ‘सेवा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव समजूत घातली आहे. ज्या पक्ष्यासाठी शेतकरी आपले पीक थांबवतो, त्याच्यासाठी पाहुण्याने आपल्या कुत्र्याची दोरी हातात धरून ठेवणे ही किमान गोष्ट आहे.

कचारगड: लिंगोची गुहा

जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सालेकसा तालुक्यात दरेकसाचे डोंगर आहेत. रेल्वे इथे बोगद्यातून जाते आणि जवळच हाजरा धबधबा आहे. याच डोंगरांत धनेगावजवळ कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. माथ्यावर तट-बुरूज असलेला हा गड नाही. गोंडी समाजाच्या श्रद्धेने याला गड केले आहे.

गोंडी धर्माची, म्हणजे कोया पुनेमची कथा अशी: काली कंकालीची तेहेतीस मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली गेली. त्यांना सोडवण्यासाठी गुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड पुढे आले. हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने बळ मिळालेल्या मुलांनी शिळा ढकलली. मुले मुक्त झाली, पण हिरासुका त्या शिळेखाली गेला. या मुलांना लिंगोने दिलेली शिकवण म्हणजे कोया पुनेम. नागपूरचे गोंडी अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी या कथा, चालीरीती आणि गोंडी भाषेवर आयुष्यभर लेखन केले. माघ पौर्णिमेच्या जत्रेला आज महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखोंचा समुदाय येतो. ‘जय सेवा’ म्हणत पिवळे झेंडे घेतलेली माणसे डोंगर चढत असतात.

जत्रेच्या दिवसांत कुत्रा नेऊ नये. एवढ्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात त्याचेही हाल आणि लोकांनाही त्रास. एरवी आधी धनेगावात थांबावे, गावकऱ्यांना विचारावे आणि ते सांगतील तिथपर्यंतच कुत्र्याला न्यावे. गुहेत मी कुत्रा नेणार नाही. ज्या ठिकाणी एक समाज आपली मुक्ती आठवतो, तिथे शिरताना पायातल्या चपलांइतकाच सोबतच्या प्राण्याचाही विचार व्हायला हवा. एकाने खाली झाडाखाली कुत्र्यापाशी बसावे, दुसऱ्याने वर जाऊन यावे, मग अदलाबदल करावी. अशा आळीपाळीच्या प्रवासात गावातल्या माणसांशी गप्पांना भरपूर वेळ मिळतो.

नवेगावबांध: कोलू पाटलांचे पाणी

दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या मध्ये हा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव पसरला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे जुने गॅझेटियर सांगते. लोकांनी त्यांना देवपण दिले. तलावाकाठच्या एका टेकडीवर कोलासुर देव म्हणून त्यांचे ठाणे आहे. ज्याने डोंगराचे पाणी खाली अडवले, त्याला लोकांनी डोंगराच्या माथ्यावर नेऊन बसवले. किल्ले बांधणाऱ्या राजांना असा मान क्वचितच मिळाला असेल.

कोहळी समाज हा तलाव बांधणाऱ्यांचा समाज. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे. उतार कुठून कुठे जातो हे नजरेने ओळखायचे, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम ठेवायचे, जादा पाणी सांडव्यातून खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि तिथून पाटाने धानाच्या बांधीत न्यायचे, अशी ही विद्या. एका तलावाचे सांडलेले पाणी दुसऱ्याला मिळावे अशा साखळ्या त्यांनी रचल्या. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणतात. मालकी गेली तशी दरवर्षी गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची जबाबदारीही सुटत गेली. अलीकडे मासेमार ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांत बेशरम हे तण उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्याने मासे आणि पक्षी परतल्याचा अनुभव या भागातल्या गावांनी घेतला आहे.

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) वन खात्याच्या नोकरीत या तलावाकाठी राहिले. इथल्या पक्ष्यांवर आणि माणसांवर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. जंगलाची नजर त्यांना देणाऱ्यांत नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार होते, कोहळी परंपरेतलेच.

गावाकडच्या पाळीवर पहाटे कुत्र्याला पट्ट्यासह फिरवता येते. तलावाचा पुढचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. १९७५ मध्ये घोषित झालेले हे उद्यान आता व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि त्याच्या फाटकाच्या आत पाळीव कुत्रा चालत नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके काठाजवळ विसावलेली असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पाण्यात झेपावणाऱ्या कुत्र्यामुळे पुन्हा पुन्हा उठावे लागले, तर परतीच्या वाटेसाठी साठवलेली चरबी इथेच खर्च होते.

प्रतापगड आणि गोठणगाव

नवेगावबांधच्या पुढे गोठणगावच्या वाटेवर प्रतापगड आहे. गोंदियातल्या गडांपैकी कुत्र्यासह चढायला हा मला सर्वांत योग्य वाटतो. वाट दगडी आहे, झाडी आहे आणि वरून भोवतालचे जंगल व पाणी दिसते. या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते आणि दोन्ही श्रद्धांची माणसे एकाच डोंगराकडे चालत येतात. यात्रा आणि उरुसाचे दिवस टाळून यावे. मंदिर व दर्गा या दोन्हींच्या आवारात कुत्रा नेऊ नये, पण डोंगराच्या वाटेवर तो आपल्याइतकाच मोकळेपणाने चालू शकतो. सोबत पाणी भरपूर असावे, कारण चढताना कुत्रा तहान सांगत नाही, तो धापा टाकत मालकामागे येतच राहतो.

जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे आणि गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत. १९७२ मध्ये वसलेल्या या गावात बौद्ध मठ आहे, मक्याची आणि धानाची शेती आहे. हिवाळ्यात इथली कुटुंबे लोकरीचे कपडे विकायला शहरोशहरी जातात. विदर्भाच्या बाजारपेठेत दिसणारी स्वेटरची दुकाने यांच्यासारख्याच कुटुंबांची. आपला डोंगराळ देश सोडून आलेल्या या माणसांना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या जंगलाने जागा दिली. गोंड, कोहळी, ढिवर, तिबेटी, महादेव आणि पीर इतके सगळे थोडक्या अंतरात पाहायला मिळते, हीच या वाटेची श्रीमंती.

नागझिरा: कुत्रा जिथे बाहेर थांबतो

या प्रवासातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे कुत्र्याला जिथे जाताच येत नाही ते. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि १२ डिसेंबर २०१३ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर ‘नागझिरा’ लिहिले, किरण पुरंदरे यांनी इथे दीर्घ काळ राहून ‘सखा नागझिरा’. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या दोन वाघिणी इथे सोडल्या गेल्या. पण जाणकार इथे येतात ते रानकुत्र्यांसाठीही.

रानकुत्रा, म्हणजेच कोळसून, तांबूस अंगाचा, काळ्या झुबकेदार शेपटीचा. वजनाला तो साधारण गावठी कुत्र्याएवढाच. तरी तो आपल्या कुत्र्याचा रानातला भाऊ नव्हे. त्याची प्रजाती वेगळी, त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोनच दाढा असतात, कुत्र्याला तीन. तो भुंकत नाही, शीळ घालून कळपाला बोलावतो. दिवसाउजेडी, एकमेकांच्या भरवशावर शिकार करतो आणि पिल्लांना आधी खाऊ देतो. इंग्रजी राजवटीत त्याला उपद्रवी ठरवून मारणाऱ्याला बक्षीस दिले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला आधार मिळाला. आज जगभरात प्रौढ, पिल्ले देणारी रानकुत्री अडीच हजारांहूनही कमी असावीत, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाचा अंदाज आहे.

या प्राण्याला बंदुकीइतकाच धोका आपल्या घरातल्या आणि गावातल्या कुत्र्याकडून येणाऱ्या रोगांचा आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज हे तिन्ही विषाणू पाळीव कुत्र्यांत फिरतात आणि रानात उतरतात. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने सुमारे हजार सिंह, म्हणजे तिथले जवळजवळ एकतृतीयांश, मेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांत हाच विषाणू सापडला. कळपाने राहणाऱ्या रानकुत्र्यांत एकाला लागण झाली की सारा कळप जाऊ शकतो. पाणवठ्यावर लागण झालेल्या कुत्र्याने टाकलेली एक विष्ठा पुरते, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. कुत्र्याला फाटकाबाहेर ठेवण्याचा नियम म्हणून कठोर वाटू नये. तो या शीळ घालणाऱ्या कळपासाठी आहे.

नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. हे दोन्ही जंगलांचे तुकडे वन्यप्राण्यांना जोडलेले हवेत, म्हणून या रस्त्यावर वेग आवरावा. रात्री इथे कुत्र्याला मोकळे करायला थांबू नये. बिबट्याला कुत्रा हे सहज मिळणारे भक्ष्य आहे.

निघण्याआधी

कुत्र्यासह या मुलखात यायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि डांबर पंजे भाजते. डिसेंबर-जानेवारीत मात्र गोंदिया विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक असते. पातळ केसांच्या कुत्र्याला झूल हवी.

रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांची एकत्रित लस वेळेत झालेली असावी आणि लसीकरणाचे पुस्तक गाडीत असावे. लेप्टो धानाच्या साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीमुळे पसरतो आणि माणसालाही होतो. कुत्र्याला बांधीतले पाणी पिऊ देऊ नये. गोचिडांचे औषध आधीच द्यावे, रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहावे. डासांमुळे माणसाला जसा हिवताप होतो, तसा कुत्र्याला हृदयकृमीचा रोग होतो. त्याच्या प्रतिबंधक गोळीबद्दल पशुवैद्यांना विचारावे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण शेताभोवती बेकायदा विजेची तार किंवा फास लावतात. अंधार पडल्यावर कुत्र्याला शेताच्या धुऱ्यावर जाऊ देऊ नये, हे त्याच्या जिवाचे आहे.

आणखी एक नाजूक बाब म्हणजे गावातली कुत्री. आपला कुत्रा त्यांच्या हद्दीत आलेला परका असतो. गावात शिरताना दोरी आखूड धरावी, थांबून कोणा वडीलधाऱ्याला आपण कोण, कुठले हे सांगावे. गावकऱ्यांच्या एका हाकेने त्यांची कुत्री शांत होतात.

गोंदियाने काय करावे

इटलीतल्या डोंगरी गावांनी कुत्र्यासह येणाऱ्याला जागा दिली, कारण त्याच्यामुळे मुक्काम वाढतो, खाणावळ चालते, हे त्यांनी ओळखले. गोंदियालाही हे करता येईल, आणि जंगलाच्या भल्यासाठी करता येईल. नागझिरा व नवेगावच्या फाटकांबाहेर, वस्तीच्या बाजूला, सावली, पाणी आणि कुंपण असलेली कुत्र्यांची थांबण्याची जागा असावी. तिची देखभाल गावातल्या तरुणांनी करावी आणि शुल्क गावाला मिळावे. सफारीला गेलेल्या कुटुंबाने कुत्र्याला तापलेल्या गाडीत कोंडण्याची वेळ येऊ नये. या शुल्काचा एक हिस्सा जंगलालगतच्या गावांतल्या कुत्र्यांच्या रेबीज आणि डिस्टेंपर लसीकरणासाठी राखून ठेवावा. पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्यातालुक्यात आहेत. ग्रामपंचायत, वन विभाग आणि पशुसंवर्धन विभाग एकत्र आले तर हे अवघड नाही.

असे झाले तर शहरातून कुत्र्यासह आलेला प्रत्येक पाहुणा गावातल्या एका कुत्र्याची लस भरून जाईल. ती लस नागझिऱ्यातल्या रानकुत्र्यांच्या कळपाचे रक्षण करील. कोलू पाटलांनी एका टेकडीचे पाणी अनेक शेतांना पोहोचेल अशी रचना केली होती. या जिल्ह्याला अशा रचना करता येतात हे तीनशे वर्षांपासून सिद्ध आहे. येत्या हिवाळ्यात एखाद्या ग्रामसभेने हा विषय घ्यावा, आणि आपण प्रवाशांनी लसीकरणाचे पुस्तक दाखवल्याशिवाय फाटकाजवळ जायचे नाही, असा स्वतःपुरता नियम आजपासूनच पाळावा.